जुनं सागवानी कपाट घेताय? आधी ते सुटं कसं होतं ते बघा

साडेसात फूट उंच, साडेचार फूट रुंद, दोन दारं, एका दाराला आरसा. मुंबईहून टेम्पोने आलेलं आमचं पहिलं जुनं कपाट कोथरूडच्या जिन्यात, दुसऱ्या वळणावर अडकलं. चार हमाल आणि दोन शेजारी. कपाट वर जाईना आणि खालीही येईना. विकणाऱ्याने मला स्पष्ट सांगितलं होतं, ‘खुलता है मॅडम, सब खुलता है.’ त्याचं म्हणणं एके काळी खरंही होतं. पण आदल्याच आठवड्यात त्याच्या सुताराने कपाट ‘मजबूत’ करून देताना सगळ्या सांध्यांत फेव्हिकॉल भरून वरून स्क्रू ठोकले होते. कसंबसं खाली उतरवल्यावर अकरा दिवस ते आमच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली पडून होतं. शेवटी एका वयस्कर सुतारकाकांनी तीन दिवस खपून ते सोडवलं, आणि मग एकेक भाग वर गेला.

आज ते झोपायच्या खोलीत उभं आहे आणि मला अतिशय प्रिय आहे. त्यानंतर मी आणखी दोन कपाटं घेतली, त्यातलं एक नाशिकला बहिणीसाठी. पहिल्या वेळी मला जे कोणी सांगितलं नाही, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

१. नेमकं काय शोधताय ते ठरवा

आपल्या वाड्यांमध्ये असं भिंतीपासून वेगळं, उंच कपाट मुळात नव्हतं. भिंतीतलं फडताळ, कोनाडे, कपड्यांची दांडी आणि पेटारा एवढ्यावर घर चालायचं. उभं, आरशाचं, कोट टांगायचं कपाट युरोपीय घरांमुळे आलं. मुंबईत ते पारशी आणि इतर सुखवस्तू घरांत रुळलं, गोव्यात पोर्तुगीज वळणाच्या घरांत. आलमारी हा शब्दही पोर्तुगीजांकडून आला. कपाट हा शब्द मात्र आपला, संस्कृतातला, आणि त्याचा मूळ अर्थ दार. पुढे गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाट आणलं. वाळवी नको, पॉलिश नको, कुलूप भक्कम, म्हणून हळूहळू घरोघरी लोखंडी कपाट आलं आणि लाकडी कपाटं जुन्या बाजाराकडे निघाली.

बाजारात साधारण तीन घाट दिसतात.

पहिला व्हिक्टोरियन वळणाचा: माथ्यावर कोरीव कॉर्निस (पुढे आलेली नक्षीदार पट्टी), कोपऱ्यांत कातलेले खांब, खाली एक-दोन मोठे ड्रॉवर. हा बहुतेक भरीव सागाचा किंवा शिसवीचा असतो.

दुसरा आर्ट डेको, म्हणजे १९३० ते १९५०च्या आसपासचा. गोलवलेले कोपरे, पायऱ्यापायऱ्यांची रचना, कोरीवकाम जवळजवळ नाही, आणि दर्शनी भागाला वेनिअर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाजवळच्या ज्या आर्ट डेको इमारतींना २०१८ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, त्याच काळातलं हे फर्निचर. नव्या फ्लॅटमध्ये ते सहज सामावतं, म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याला मी हेच सुचवते.

तिसरा घाट म्हणजे जुन्यासारखं बनवलेलं नवं. जोधपूरकडे जुनं लाकूड वापरून, जुन्या वळणाचं नवं फर्निचर मोठ्या प्रमाणावर तयार होतं. त्यात वाईट काही नाही, काही तर फार सुरेख असतं. पण त्याला शंभर वर्षांचा भाव द्यायचा नाही.

२. कपाट बघायच्या आधी घर मोजा

छत, खोली, दार, जिना, लिफ्ट. एवढी मापं कागदावर लिहून खिशात ठेवा, फोनमध्ये नुसते फोटो पुरत नाहीत.

दार मोजताना चौकटीच्या आतलं अंतर घ्या आणि पल्ला पूर्ण उघडल्यावर तो किती जागा खातो तेही धरा. जिन्यात रुंदीपेक्षा वळणावरचा चौथरा महत्त्वाचा. त्याची लांबी-रुंदी आणि वरच्या पायऱ्यांच्या खालून मिळणारी उंची, दोन्ही मोजा. लिफ्टचं दार आणि आतला कर्ण मोजा.

छताच्या बाबतीत एक गोष्ट हमखास चुकते. आडवं आणलेलं कपाट उभं करताना त्याला स्वतःच्या उंचीपेक्षा जास्त जागा लागते, कारण फिरताना त्याचा कर्ण छताकडे जातो. आठ फूट उंच आणि दोन फूट खोल कपाटाचा कर्ण आठ फूट तीन इंच भरतो. म्हणजे तुमचं फॉल्स सीलिंग आठ फूट दोन इंचांवर असेल, तर हे कपाट तिथे मावतं, पण उभंच करता येत नाही. साडेसात फुटी कपाटाला सुमारे सात फूट नऊ इंच लागतात. जे कपाट सुटं होतं, ते उभ्यानेच जोडता येतं आणि हा प्रश्न येत नाही. पंखा कुठे फिरतो तेही बघून ठेवा.

आणि कपाटाची आतली खोली! हँगर साधारण सतरा-अठरा इंच रुंद असतो. त्यावर शर्ट लावून दार नीट लागायला आत किमान बावीस इंच मोकळे हवेत. खूप जुन्या कपाटांत आतली खोली सोळा-अठरा इंचच असते, कारण कपडे घडी करून किंवा आतल्या खुंट्यांवर टांगून ठेवत. असं कपाट आवडलं तर सोडू नका. दांडी डावीकडून उजवीकडे लावण्याऐवजी पुढून मागे लावा, हँगर दाराशी समांतर राहतात. साड्या घडी करून ठेवणार असाल, तर कमी खोली उलट सोयीची.

३. कुठे आणि कधी जायचं

मुंबईत दोन ठिकाणं. जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवऱ्याचा रिलीफ रोड, जिथे गोदामंच्या गोदामं जुन्या फर्निचरने भरलेली आहेत. आणि भेंडीबाजाराजवळ चोरबाजाराची मटण स्ट्रीट. चोरबाजारात शुक्रवारी पहाटेपासून रस्त्यावरचा बाजार भरतो, पण नेहमीची बरीचशी दुकानं त्या दिवशी बंद असतात. मोठ्या कपाटासाठी शुक्रवार टाळा. याशिवाय जुनी घरं रिकामी होताना थेट विक्री होते. तिथे भाव बरा मिळतो, पण उचलून न्यायची सगळी जबाबदारी तुमची.

कामाच्या दिवशी सकाळी जा. गोदामात उजेड कमी असतो आणि ट्यूबलाइटखाली लाकडाचा रंग फसवतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा दार किंवा ड्रॉवर थोडा घट्ट वाटला म्हणून कपाट नाकारू नका. तोच ड्रॉवर मे महिन्यात अडकत असेल, तर मात्र कारण शोधा.

सोबत न्यायच्या वस्तू:
- पोलादी टेप आणि घरच्या मापांचा कागद
- चांगला टॉर्च
- छोटं लोहचुंबक
- दाभण
- कापूस आणि थोडं पॉलिशचं स्पिरिट
- जुनी चादर, कारण तुम्हाला जमिनीवर आडवं व्हायचं आहे

४. तपासणी: मागून, खालून, आतून

पुढची बाजू शेवटी बघायची. विकणारा आरसा पुसून, दार उघडून पुढून दाखवतो. तुम्ही त्याला कपाट भिंतीपासून दोन हात ओढायला सांगा. खळखळ केली, तर दुसऱ्या दुकानात चला.

*सांधे.* सर्वांत आधी हेच. जुनं मोठं कपाट म्हणजे एक खोका नव्हे, ती आठ-दहा भागांची जुळणी असते: माथ्याची कॉर्निस, बैठक (खालचा पाया), दोन बाजू, पाठ, मधला खांब, दारं, फळ्या. कॉर्निस नुसती वर बसवलेली असते, उचलली की निघते. बाजूंची कुसवं (टोकाला काढलेल्या लाकडी जिभा) बैठकीच्या खाचांत उतरतात आणि लाकडी पाचरा किंवा लांब बोल्ट त्यांना धरून ठेवतात. टॉर्च आत मारून या पाचरा शोधा. सांध्याच्या कडेने वाळलेला पांढरट गोंद दिसला, किंवा आतून नव्या चकचकीत स्क्रूंची रांग दिसली, तर कोणीतरी ते कपाट कायमचं बंद केलेलं आहे. माझ्या पहिल्या कपाटात असे सव्वीस स्क्रू होते. ते सगळे मला दुकानातच दिसले होते, फक्त त्यांचा अर्थ कळला नव्हता. आता मी पैसे देण्याआधी माझ्यासमोर निदान कॉर्निस आणि एक दार काढून दाखवायला लावते.

*पाठ.* जुन्या पाठीला फळ्या असतात, कधी चौकटीत बसवलेले दिलहे, म्हणजे पातळ फळ्यांचे चौकोन. त्यांवरून तळहात फिरवा. हाताच्या रंध्याने तासलेली फळी किंचित लाटालाटांची लागते. डोळ्याला ते दिसत नाही, बोटांना कळतं. पाठीला प्लायवूड असेल, तर एक तर कपाट डेको काळातलं किंवा नंतरचं आहे, नाहीतर पाठ बदललेली आहे. दुसरं असेल तर कपाट वाईट ठरत नाही, फक्त भाव उतरतो.

*लाकूड.* पॉलिशवरून लाकूड ओळखू नका. ड्रॉवर बाहेर काढून त्याची आतली, बिनपॉलिशची बाजू बघा. साग मधाळ तपकिरी, हाताला किंचित तेलकट, आणि नखाने खरवडला तर चामड्यासारखा वास देतो. शिसवी जड, गार, जांभळट काळी, आत काळ्या रेघा. इथे शब्दांचा एक सापळा आहे. बाजारात हिंदीत ‘शीशम’ म्हणतात ते बहुतेकदा उत्तरेकडचं फिकट तपकिरी लाकूड असतं, आणि आपली शिसवी वेगळी. काळं पॉलिश मारलं की दोन्ही सारखी दिसतात. ‘बर्मा टीक’ हे तर प्रत्येक दुकानात ऐकाल. ब्रह्मदेशचा साग मुंबईत भरपूर आला हे खरं, पण एखादं कपाट त्याचंच आहे हे दुकानात उभं राहून सांगणं अवघड. त्या एका शब्दासाठी जास्त पैसे देऊ नका. सरळ रेषांचं, गाठी नसलेलं, रुंद फळ्यांचं लाकूड असेल, तर त्याचा भाव द्या.

*कीड.* सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण कडेच्या फिकट पट्ट्या आणि दुसऱ्या लाकडाच्या फळ्या पोखरल्या जातात. बैठकीच्या खाली टॉर्च मारा, पायांत दाभण टोचा. सहज आत गेली, तर लाकूड पोकळ आहे. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली, तर त्याखाली पिठासारखी ताजी भुकटी आहे का बघा. भोकं जुनी आणि कोरडी असतील तर घाबरू नका. शंका असेल तर बयाणा देऊन भोकांखाली काळा कागद ठेवायला सांगा आणि आठ दिवसांनी बघा. कागदावर भुकटी पडली, तर किडा जिवंत आहे.

*एकाच कपाटाचे भाग आहेत का.* एका कपाटाची बैठक आणि दुसऱ्याचं वरचं अंग जोडून विकलेलं मी दोनदा पाहिलं आहे. कॉर्निस, अंग आणि बैठक यांच्या आतल्या बाजूचा रंग, फळ्यांची जाडी आणि ड्रॉवरच्या कोपऱ्यातल्या डव्हटेलची (एकमेकांत अडकणाऱ्या दातांच्या जोडाची) धाटणी जुळते का बघा. हाताने केलेले डव्हटेल किंचित कमीजास्त असतात, अगदी एकसारखे असतील तर यंत्राचे. बिजागरीच्या शेजारी लाकडाचा तुकडा भरून बुजवलेली जुनी खाच दिसली, तर दार दुसरीकडून आलेलं असू शकतं. ड्रॉवर ज्या पट्ट्यांवर सरकतो, त्या झिजलेल्या हव्यात. शंभर वर्षं वापरलेल्या ड्रॉवरच्या कडा कोऱ्या असत नाहीत.

*धातू.* मुठी आणि बिजागऱ्या पितळेच्या की पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या, ते चुंबक सांगतं. स्क्रूचं डोकं बघा. सरळ एका खाचेचे स्क्रू जुने असू शकतात. अधिक-चिन्हाचे फिलिप्स स्क्रू १९३०च्या दशकात आले, त्यामुळे ‘१९००चं कपाट’ म्हणून दाखवलेल्या वस्तूत ते दिसले, तर दुरुस्ती केव्हा आणि काय झाली ते विचारा.

*आरसा.* ‘बेल्जियम काच’ हाही परवलीचा शब्द. जुन्या आरशाच्या कडेची तिरपी घासणी रुंद आणि उथळ असते, बोट फिरवलं तर जेमतेम जाणवते. कडेला काळे ठिपके, प्रतिबिंब थोडं मऊ. हे ठिपके मला आवडतात आणि मी ते घालवत नाही. नवी काच बसवून घेतली, तर जुनी काच फेकू देऊ नका, मागून घ्या.

*चौकट सरळ आहे का.* पुढून कोपरा ते कोपरा दोन्ही कर्ण मोजा. पाव इंचापर्यंत फरक चालतो. इंचभर असेल, तर एक तर जमीन वाकडी आहे किंवा कपाट.

५. भाव आणि बिल

शक्य असेल तर कपाट पॉलिश करण्याआधीच ठरवा. गोदामात मागच्या बाजूला धुळीत पडलेली, बिनपॉलिशची कपाटं असतात. ‘कच्चा माल दाखवा’ म्हणा. त्यात तडे, भोकं, लांबीच्या (पुट्टीच्या) भरण्या, सगळं उघडं दिसतं, आणि काय दुरुस्त करायचं ते तुम्ही ठरवता. ताज्या गडद पॉलिशखाली काय आहे ते देवच जाणे.

घासाघीस होतेच, पण आधी हमाली, टेम्पो, सुतार आणि पॉलिश यांचा अंदाज घ्या. माझ्या दुसऱ्या कपाटावर हा वरखर्च मूळ किमतीच्या निम्म्याच्या घरात गेला.

बिलावर हे लिहून घ्या: लाकूड कोणतं, बाहेरचं माप, एकूण भाग किती, आरसा जुना की बदललेला, किल्ल्या किती, अंदाजे वय, आणि ‘सुटं करून देणार’ हे शब्द. प्रत्येक भागाचा फोटो दुकानातच काढा. बिलाची एक प्रत ड्रायव्हरकडे असू द्या. सोसायटीत मोठं सामान आणायला परवानगी किंवा ठरावीक वेळ असते, ते पत्र आधी देऊन ठेवा.

६. सुटं करणं आणि आणणं

सुटं करताना तुम्ही स्वतः हजर राहा. क्रम ठरलेला: फळ्या आणि ड्रॉवर बाहेर, दारं उतरवायची, कॉर्निस उचलायची, पाठ काढायची, मग पाचरा ठोकून बाजू मोकळ्या करायच्या. प्रत्येक भागाच्या न दिसणाऱ्या बाजूला खडूने खूण करा: ‘डा’, ‘उ’, ‘वर’. बऱ्याचदा आत जुन्या सुताराच्या खुणा आधीच असतात, पटाशीने कोरलेल्या एक, दोन, तीन रेघा. त्या जुळवल्या की कपाट आपोआप जुळतं. माझ्या बहिणीच्या कपाटात प्रत्येक पाचरेवर अशी खूण होती. ती पाचर दुसऱ्या खाचेत घातली तर सैल बसायची, आणि तिच्या जागी गेली की एका ठोक्यात घट्ट. पाचरा कापडी पिशवीत, आणि पिशवी टेम्पोत नाही, तुमच्याजवळ.

आरशाचं दार उभंच न्यायचं, दोन रजयांच्या मध्ये. आडवं ठेवलं तर खड्ड्यात काच तडकते.

७. उभं करणं

बाथरूमच्या ओल्या भिंतीला टेकवू नका. कुठल्याही भिंतीपासून दोन-तीन इंच सोडा, पावसाळ्यात हवा खेळली पाहिजे. बैठक आधी समतल करा, पायांखाली लाकडी चिपा द्या. दार आपोआप उघडत असेल, तर दोष बिजागरीचा नसून जमिनीचा असतो.

आणि हे कृपा करून टाळू नका: कपाट भिंतीला एल अँगलने (काटकोनी लोखंडी पट्टीने) बांधा. आरशाचं जड दार पूर्ण उघडलं आणि खालचा ड्रॉवर ओढला की कपाटाचा तोल पुढे येतो. घरात लहान मूल असेल, तर पहिल्याच दिवशी.

दमट मुंबईतून नाशिक, पुणे, नागपूरच्या कोरड्या हवेत आलेलं लाकूड पहिल्या उन्हाळ्यात आक्रसतं. दिलह्याच्या कडेला फिक्या रंगाची बारीक रेघ दिसते. ती फट नव्हे. दिलहा चौकटीत मोकळाच ठेवलेला असतो, म्हणजे तो हलला तरी तडकत नाही. तिथे गोंद किंवा लांबी भरू देऊ नका. भरली, तर पुढच्या पावसाळ्यात दिलहा फुगेल आणि लाकूड फुटेल.

८. दुरुस्ती आणि पॉलिश

आधी महिनाभर तसंच वापरा. कुबट वास असेल तर दारं उघडी ठेवा, कापूर किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. मग सुताराला बोलवा.

पॉलिश कोणतं आहे ते ओळखायला न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट टेकवा. चिकट झालं आणि बोळ्याला रंग आला, तर ते जुन्या पद्धतीचं लाखेचं पॉलिश आहे. ते पूर्ण काढायची गरज क्वचित पडते. चांगला पॉलिशवाला त्यावरच चपड्याचे, म्हणजे शुद्ध लाखेचे, हात देऊन जिवंत करतो. मेलामाइन किंवा पीयू ही नवी रासायनिक पॉलिशं टिकाऊ असतात, गरम कपाचा डाग पडत नाही, पण पुढे थोडंसं दुरुस्त करता येत नाही, सगळं घासून काढावं लागतं. कपाटावर कोणी चहाचा कप ठेवत नाही. मी लाखच निवडते.

घासायचं यंत्र कपाटाला लावू देऊ नका. कोरीवकामाच्या कडा बोथट होतात, आणि डेको कपाटाचं वेनिअर काही सेकंदांत आरपार जातं. वेनिअरला फुगा आला असेल, तर त्याखालचा जुना सरस बहुधा अजून जिवंत असतो. वर ओलसर फडकं ठेवून मंद इस्त्री दाबली आणि मग वजन ठेवलं, तर पुष्कळदा परत चिकटतो. कपाट सुटं होण्याच्या सांध्यांत मात्र सरस नाही, फेव्हिकॉल नाही, काहीच नाही. सुताराला हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा, आणि संध्याकाळी आत टॉर्च मारून बघा.

परदेशी न्यायचं असेल तर

१९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू देशाबाहेर खासगीरीत्या नेता येत नाही. त्याहून नवं असेल, तर ते पुरावस्तू नाही असा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला काढावा लागतो, त्यासाठी बिल आणि सर्व बाजूंचे फोटो जपून ठेवा. शिसवीचं कपाट असेल, तर आणखी एक पायरी आहे. २०१७पासून ही सगळी प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे, त्याचे कागद वेगळे. तिकडे राहणाऱ्या मुला-मुलींसाठी कपाट घेणार असाल, तर आधी हे, मग बयाणा.

किल्ली

बहुतेक जुनी कपाटं बिनकिल्लीची मिळतात. कुलूप फोडायला कोणी सांगितलं तरी ऐकू नका. दार उघडं असताना कुलूप चार स्क्रूंनी सुटून हातात येतं. ते घेऊन जुन्या बाजारातल्या किल्लीवाल्याकडे जा, तो कुलूप उघडून आतले खटके पाहून किल्ली घासून देतो. आतल्या वाळलेल्या ग्रीसवर रॉकेलचा थेंब सोडायला सांगा. आणि एका वेळी दोन किल्ल्या करून घ्या. दुसरी किल्ली कॉर्निसच्या मागे, वरच्या फळीवर ठेवा. मी घेतलेल्या तिन्ही कपाटांत ती तिथेच आहे.